वगळलेल्या गड्यास कारण सांगावें

गौतममुनींच्या न्यायशास्त्रांत दोन पक्षांच्या बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरें काय आहे हें समजून घेण्यासाठीं चालतो तो वाद. आपला पक्ष कसाही करून जिंकावा एवढ्याचसाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष मुळींच न मांडतां केवळ दुसऱ्याच्या पक्षाची मोडतोड करावयाची, ती वितंडा. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना हे तीन शब्द मुलांच्या गळीं उतरविण्यास मला उदाहरणें शोधावीं लागत. निवृत्त झाल्यापासून तीं रोज सकाळीं फुकट मिळतात. आम्हां हिंगोलीच्या कांहीं निवृत्त मंडळींचा सकाळीं फिरण्याचा परिपाठ आहे. रामलीला मैदानाला दोन फेऱ्या घालून आम्ही चहाच्या टपरीपाशीं बसतों. आणि आपला हॉकीचा संघ आदल्या दिवशीं कोठें खेळला असला, तर हातांतला चहा हमखास निवतो.

हिंगोलीसारख्या गांवीं हॉकीचें वेड कोठून आलें, असें वाचक विचारतील. निजामी अमदानींत हें गांव लष्करी छावणीचें होतें. पण ती छावणी मोडल्याला शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि १९९९ सालीं परभणीपासून वेगळा जिल्हा झाला तेव्हां तिच्या आठवणी सांगणारें कोणी उरलेंही नव्हतें. आमच्या पिढीला हा नाद लावला तो नांदेडानें. तेथें श्रीगुरु गोविंदसिंघजींच्या नांवानें अखिल भारतीय हॉकीचे सामने भरत आले आहेत. पूर्णेमार्गें गाडीनें जावें, दिवसभर दूरदूरच्या संघांचा खेळ पाहावा, आणि परतीच्या गाडींत अमक्या सेंटर-हाफला कां बसवून ठेवलें ह्यावर घसा बसेपर्यंत बोलावें, हा आमचा तरुणपणींचा सोहळा होता. त्या नादावर कळस चढला तो १५ मार्च १९७५ रोजीं. त्या दिवशीं क्वालालंपूर येथें आपण पाकिस्तानचा २-१ असा पाडाव करून विश्वचषक जिंकला. मी तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचा होतों. वाड्यांत रेडिओ एकच. त्याच्याभोंवतीं मुलें, बायका, म्हातारेकोतारे सारे गोळा झालेले, आणि जसदेवसिंगांचा आवाज चढला कीं सगळ्यांचे श्वास एकदम अडकत. ज्यानें ती दुपार अनुभवली त्याला पुढें हॉकीचा पराभव शांतपणें पचविणें कधींच जमलें नाहीं.

तर ह्या आमच्या मंडळींत चार पक्ष आहेत. वकीलसाहेबांचा पक्ष असा कीं, संघ जिंकला तर श्रेय गड्यांचें आणि हरला तर जाब प्रशिक्षकानें द्यावा. निवृत्त पोस्टमास्तर म्हणतात, प्रशिक्षक हा बिचारा टपालवाला; वरून आलेली पिशवी त्यानें वाटावयाची, आंतल्या मजकुराचा दोष महासंघाचा. औषधांचें दुकान मुलाच्या हवालीं करून आलेले तिसरे गृहस्थ परदेशी प्रशिक्षकांवर रुष्ट आहेत. पूर्वींची काठीवरची नजाकत ह्या लोकांनीं घालविली, असें त्यांचें म्हणणें. आणि ह्यांच्याच पुतण्याचा, एका तरुण अभियंत्याचा, चौथा पक्ष: तो मोबाइल काढतो आणि चेंडू कोणाकडे किती वेळ होता, किती कॉर्नर मिळाले व किती वाया गेले, ह्याचे आंकडे वाचून दाखवितो. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा न्याय मला अशा वेळीं आठवतो. प्रत्येकाच्या हातीं हत्ती आहे हें खरें. पण एकाच्या हातीं सोंड आहे, दुसऱ्याच्या हातीं शेपूट.

माझा पक्ष पांचवा, आणि तोच ह्या लेखांत मांडावयाचा आहे. संघांत कोणास घ्यावें व कोणास काढावें ह्याचा पूर्ण अधिकार प्रशिक्षकाचा व निवड समितीचा असावा. त्यांत प्रेक्षकांनीं किंवा पुढाऱ्यांनीं हात घालूं नये. परंतु ज्याला वगळलें त्याला खरें कारण, यादी लागण्यापूर्वीं, समोरासमोर सांगितलें पाहिजे. अधिकाराबरोबर हें एक ऋण येतें. तें ज्यानें फेडलें नाहीं त्याचा निर्णय कदाचित् बरोबर असेल. पण त्याचा कारभार बरोबर आहे असें मी म्हणणार नाहीं.

ह्या मतापर्यंत पोंचण्यापूर्वीं वाटेंतला एक कांटा दूर केला पाहिजे. आपण निर्णयाची परीक्षा निकालावरून करतों. कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें म्हणूं नये, हा काकतालीय न्याय आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकला आहे. सामना संपतांच मात्र तो विसरतों. त्याच १९७५ च्या स्पर्धेंतील उपांत्य सामन्याचें उदाहरण पाहा. समोर मलेशियाचा संघ, प्रेक्षकही त्यांचेच. सामना संपावयास थोडींच मिनिटें उरलीं होतीं आणि आपण २-१ असे मागें होतों. त्या वेळीं संघाची धुरा वाहणाऱ्या बलबीरसिंगांनीं मायकेल किंडो ह्या कसलेल्या बॅकला बाहेर घेऊन अस्लम शेरखान ह्या राखीव गड्यास मैदानांत पाठविलें. अस्लमनें गळ्यांतल्या ताइताचें चुंबन घेतलें आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. जादा वेळांत हरचरणसिंगनें तिसरा गोल केला आणि आपण अंतिम सामन्यांत गेलों. ही गोष्ट सांगतांना आमच्या टपरीवरही क्षणभर शांतता पसरते.

पण मी मंडळींना एक प्रश्न टाकीत असतों. अस्लमचा तो फटका गोलखांबाला लागून बाहेर गेला असता, तर? बलबीरसिंगांचा निर्णय त्यामुळें चुकीचा ठरला असता काय? लोकांनीं तसेंच म्हटलें असतें ह्यांत शंका नाहीं. किंडोसारख्या अनुभवी गड्याला ऐन मोक्यावर कां काढलें, म्हणून कागद काळे झाले असते. वास्तविक त्या क्षणीं गोल हवा होता, तो मिळण्याची आशा कॉर्नरवरच होती, आणि कॉर्नर जोरानें मारणारा ताज्या दमाचा गडी बाकावर बसला होता. एवढें ठाऊक असतांना घेतलेला तो निर्णय चेंडू खांबाला लागला असता तरी शहाणपणाचाच राहिला असता. निर्णय घेतेवेळीं काय माहीत होतें व काय साधावयाचें होतें, ह्यावरून त्याची पारख करावी. फटका कोठें लागला ह्यावरून करूं नये. परीक्षेंत मुलाचें उत्तर ताळ्याशीं जुळलें तरी रीत चुकली असली तर आम्ही शिक्षक गुण कापतों, आणि रीत बरोबर असून शेवटीं बेरजेंत घोटाळा झाला असला तर बहुतेक गुण देतों. हॉकीचा पेपर तपासतांना मात्र आपण सारे फक्त ताळाच पाहतों.

याहूनही जुनें एक उदाहरण मला फार आवडतें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकसाठीं ध्यानचंदांच्या नेतृत्वाखालीं आपला संघ गेला. स्पर्धेच्या आधीं झालेल्या सरावाच्या सामन्यांत जर्मनीनें आपला ४-१ असा पराभव केला. ध्यानचंदांसारखा गडी संघांत असतांना हा धक्का केवढा असेल! पण संघाच्या चालकांनीं तो गिळून टाकला नाहीं. आघाडींत उणीव आहे हें ओळखून त्यांनीं पंजाबांतील अली दारा ह्यांना मायदेशाहून बोलावून घेतलें, आणि ते विमानानें उपांत्य सामन्यापूर्वीं बर्लिनला दाखल झाले. १५ ऑगस्ट रोजीं त्याच जर्मनीला आपण ८-१ असें हरविलें. आपली निवड अपुरी होती हें चार लोकांत कबूल केल्यावांचून ती तार करतां आली नसती. चालकांचा मोठेपणा मला गोलांच्या संख्येपेक्षां त्या तारेंत अधिक दिसतो.

आतां प्रशिक्षकाच्या दोषाचा विचार करूं. वकीलसाहेबांच्या जाब-दरबारांत एक गोष्ट नेहमीं राहून जाते, ती म्हणजे काळ. मुलाला संधि-समास येण्यास मी दोन वर्षें धरीत असें. अकरा गड्यांच्या हातापायांत एखादी नवी रीत मुरावयास किती काळ लागेल? आणि तो काळ आपण कोणाला दिला? २००२ च्या विश्वचषकांत मुंबईचे सेड्रिक डिसूझा प्रशिक्षक होते. स्पर्धा चालू असतांनाच त्यांना दूर करण्यांत आलें. २००४ सालीं अथेन्सचें ऑलिंपिक अगदीं तोंडावर आलें असतां राजिंदरसिंग ह्यांना हलवून गेर्हार्ड राख ह्या जर्मन गृहस्थांच्या हातीं संघ देण्यांत आला. आपण सातवे आलों. २००८ च्या मार्चमध्यें चिली देशांतील सांतियागो येथें ब्रिटनकडून २-० असे हरलों आणि १९२८ पासून अखंड चालत आलेली आपली ऑलिंपिकची वारी चुकली. त्या वेळचे प्रशिक्षक मुंबईचेच वाकीम कार्व्हालो. त्यांनीं राजीनामा दिला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत महासंघालाही भारतीय ऑलिंपिक संघटनेनें निलंबित केलें. पुढें २००९ पासून २०१९ च्या आरंभापर्यंत ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन ऍस, ऑल्टमन्स, मरिन्ये आणि हरेंद्रसिंग असे सात प्रशिक्षक पुरुषांच्या संघास लाभले. दहा वर्षांत सात मास्तर! एखाद्या शाळेंत असें झालें असतें तर पालकांनीं मुलांचे दाखले काढून घेतले असते.

ह्या सातांपैकीं मरिन्ये ह्यांची कथा तर काकतालीय न्यायावरचें भाष्यच आहे. २०१८ मध्यें पुरुषांच्या संघावरून त्यांना हलवून महिलांच्या संघाकडे धाडण्यांत आलें. ज्यांना ते नापास वाटले होते त्यांनीं २०२१ सालीं टोकियोंत पाहिलें, कीं त्यांच्या हाताखालचा महिलांचा संघ ऑस्ट्रेलियाला हरवून चौथ्या क्रमांकापर्यंत पोंचला. तोच माणूस, तीच विद्या. मधल्या काळांत त्याला काम करावयास सलग अवधि मिळाला, एवढाच फरक. म्हणून आमचे पोस्टमास्तर महासंघाकडे बोट दाखवितात त्यांत पुष्कळ तथ्य आहे. टपालवाला रोज बदलला तर पत्रें चुकीच्या दारीं पडणारच.

पण बदलण्यापेक्षांही वाईट गोष्ट म्हणजे कारण न सांगतां बदलणें. आणि येथें मी धनराज पिल्लेच्या गोष्टीवर येतों. ती आपल्या महाराष्ट्राची गोष्ट आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत हा मुलगा वाढला. घरची स्थिति बेताची. मोडक्या काठ्या दोरीनें आवळून भावांबरोबर तो खेळला. तेथून निघून त्यानें १९९२ ते २००४ अशीं चार ऑलिंपिकें गांठलीं आणि चार विश्वचषकांत तो खेळला. केस मोकळे सोडून वाऱ्यासारखा सुटलेला धनराज ज्यानें पाहिला आहे, त्याला वर्णनाची गरज नाहीं. डिसेंबर १९९८ मध्यें बँकॉकच्या आशियाई सामन्यांत तो कर्णधार होता. अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाशीं बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोकांवर निकाल लागला, गोलरक्षक आशिष बल्लाळनें भिंतीसारखें उभें राहून संघ तारला, आणि १९६६ नंतर बत्तीस वर्षांनीं तें सुवर्णपदक आपल्याकडे आलें. महाराजकिशन कौशिक हे प्रशिक्षक होते.

विजयाचा गुलाल अंगावरून उतरतो न उतरतो तोंच १९९९ च्या आरंभीं पाकिस्तानशीं व्हावयाच्या सामन्यांसाठीं संघ जाहीर झाला. त्यांत धनराजचें नांव नव्हतें, बल्लाळचें नव्हतें, आणखीही कांहीं ज्येष्ठ गड्यांचीं नव्हतीं. कौशिकही प्रशिक्षकपदावर राहिले नाहींत. महासंघानें कारण दिलें, "विश्रांति". देशभरच्या रसिकांनीं त्याचा अर्थ वेगळाच लावला: धनराजनें भत्ते आणि सोयी ह्यांविषयीं उघड तक्रार केली होती, तिची ही शिक्षा, असें बहुतेकांचें मत झालें. मला ह्या प्रकरणांत जें सलतें तें असें. समजा, समितीच्या मनांत खरोखरच क्रीडेसंबंधींचें एखादें कारण होतें. "तुझा वेग कमी झाला आहे," असें गड्याला सांगितलें तर तो धावून दाखवील. "तुझ्या वागण्यानें शिस्त बिघडते," असें सांगितलें तर तो क्षमा मागेल किंवा भांडेल. "तुझ्या जागीं तरुण गडी तयार करावयाचा आहे," असें सांगितलें तर त्याला वाईट वाटेल, पण तो समजेल. "विश्रांति" ह्या शब्दाला काय उत्तर देणार? तें खोडतां येत नाहीं, सुधारतां येत नाहीं, त्याच्याशीं भांडतांही येत नाहीं. आणि जेथें खरें कारण येत नाहीं तेथें तर्ककुतर्क आपोआप येऊन बसतात. जल्प आणि वितंडा ह्यांचें माहेर तेथेंच आहे.

धनराज संघांत परत आला. २००३ सालीं त्याच्या नेतृत्वाखालीं आपण आशिया चषक जिंकला. पण परतलेला गडी आणि परतलेला विश्वास ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. अथेन्सला तो बहुतेक वेळ बाकावरच दिसला. शेवटच्या सामन्यांत तर अगदीं अखेरच्या क्षणीं त्याला मैदानांत धाडलें. छत्तीस वर्षांच्या गड्याला बाकावर ठेवणें हें प्रशिक्षकाच्या अधिकारांतलें होतें, हें मी वकीलसाहेबांपुढें अनेकदां मान्य केलें आहे. त्या क्षणीं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या आमच्यासारख्यांना जें वाटलें तें मात्र हक्काच्या भाषेंत बसत नाहीं.

मला ह्या दुःखाची थोडी ओळख आहे. एका शाळेंत मी दहावीच्या वर्गाला संस्कृत शिकवीत होतों. परीक्षेस दोन महिने उरले असतां एके दिवशीं मला दुसऱ्या गांवीं बदलीची आज्ञा आली. कारणाच्या रकान्यांत दोन शब्द होते: "प्रशासकीय सोय". कोणाची सोय, कसली सोय, हें मीं विनयपूर्वक विचारलें. आज्ञेंत सर्व कांहीं आलें आहे, असें उत्तर मिळालें. माझ्या जागीं आलेले गृहस्थ सज्जन व विद्वान् होते. पण मुलांना माझ्या पद्धतीनें घोकलेले समास नव्या पद्धतीनें सोडवावे लागले, आणि त्यांतल्या एकीनें मला पत्र लिहून विचारलें, "सर, आमचं काय चुकलं?" बदलीचा राग मी केव्हांच विसरलों. त्या मुलीला देण्याजोगें उत्तर माझ्याजवळ नव्हतें, ही खंत राहिली आहे. कारण न सांगण्याचा घाव ज्याला काढलें त्याच्यापाशीं थांबत नाहीं. जे मागें राहिले त्यांनाही तो लागतो.

पुढें दुसऱ्या एका खेड्यांतल्या शाळेंत हॉकीचा संघ माझ्या गळ्यांत पडला. संस्कृतच्या मास्तराकडे हॉकी कां? कारण नांदेडचे सामने पाहिलेला दुसरा कोणी शिक्षक तेथें नव्हता. पंधरा काठ्या, त्यांतल्या चार सुतळीनें बांधलेल्या. मैदान म्हणजे सोयाबीन निघाल्यावर शेजारच्यानें वापरूं दिलेला माळ. तरीही एका वर्षीं आमचीं पोरें आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलीं. आघाडीला एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा, हरणासारखा चपळ. संघाचे बहुतेक गोल त्याचे. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं तो पायमोजा काढीत नाहीं असें माझ्या लक्षांत आलें. संध्याकाळीं त्याला एकट्याला कडेला घेऊन मीं मोजा काढावयास लावला. घोटा वांग्याएवढा सुजलेला.

मीं त्याला सांगितलें, "उद्यां मी तुला खेळवणार नाहीं. तुझा खेळ कमी आहे म्हणून नव्हे. ह्या पायावर खेळलास तर घोटा कायमचा जाईल. यादी सकाळीं लागेल. ती वाचून तुला कळूं नये म्हणून आज सांगतों." पोरगा म्हणाला, "सर, शेवटची दहा मिनिटं तरी?" मीं म्हटलें, "दहा मिनिटंही नाहीं." तो रडला. मीं त्याला रडूं दिलें. दुसऱ्या दिवशीं तो बाकावर बसून इतरांना पाणी देत होता, आणि आम्ही १-० असे हरलों.

मग गांवांत जें सुरू झालें तें वाद, जल्प आणि वितंडा ह्यांचें संपूर्ण प्रात्यक्षिकच. मुलाचे वडील गांवांत वजन असलेले. ते शाळेंत आले आणि टेबलावर हात आपटून गेले. पारावर माझ्या संस्कृताचा उद्धार झाला. "श्लोक म्हणून गोल होतात काय?" असें कोणीसें म्हटल्याचें माझ्या कानीं आलें. त्या मंडळींचें दुःख खोटें नव्हतें. त्या गांवाला चषक म्हणून कधीं मिळालाच नव्हता. पण पंधरा वर्षांच्या पोराचा घोटा मला त्या चषकाहून मोलाचा वाटला, आणि आजही वाटतो. पुढच्या वर्षीं तो पुन्हां आमच्या आघाडीला खेळला. आतां तो सैन्यांत हवालदार आहे. सुटीवर आला म्हणजे पेढे घेऊन येतो. गेल्या खेपेस सहज तो विषय निघाला. तो हंसून म्हणाला, "सर, तुमचा तो निर्णय मला अजून पटलेला नाही. दहा मिनिटांत मी गोल केला असता. पण तुम्ही मला आधी सांगितलंत, म्हणून मी दुसऱ्या वर्षी मैदानावर परत आलो." माझ्या मतें ह्या वाक्यांत सगळ्या कारभाराचें सार आहे. निर्णय पटणें आवश्यक नाहीं. गडी परत येणें आवश्यक आहे.

ही हकीकत ऐकून वकीलसाहेबांनीं हरकत घेतली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची शाळा वेगळी, देशाचा संघ वेगळा. प्रत्येक वगळलेल्याला कारण सांगत बसाल तर प्रत्येक जण अपील करील. निवड समितीचें न्यायालय होईल." मीं उत्तर दिलें कीं, कारण सांगणें म्हणजे परवानगी मागणें नव्हे. न्यायाधीशही निकाल देतांना कारणें लिहितो. म्हणून कोणी त्याला दुबळा समजत नाहीं. उलट कारणावांचून दिलेल्या निकालालाच आपण जुलूम म्हणतों. वकीलांना स्वतःच्याच दुकानांतला माल परत मिळाला, तेव्हां ते हंसले, पण लगेच त्यांनीं दुसरा प्रश्न टाकला: "मग तें कारण आम्हां रसिकांनाही सांगावें काय?"

येथें मला त्यांच्या बाजूला थोडें जावें लागलें. सगळीं कारणें आपल्यासाठीं नसतात. एखाद्याचा गुडघा, एखाद्याच्या घरचें आजारपण, एखाद्याचें ढळलेलें मन, ह्या गोष्टी चहाच्या टपरीवर यावयाच्या नव्हेत. रसिकाला विचारण्याचा हक्क आहे तो तीन गोष्टींपुरता: निवडीचे नियम आधीं ठरले होते काय, प्रशिक्षकाला कबूल केलेला अवधि मिळाला काय, आणि ज्याला वगळलें त्याला खरें कारण सांगितलें काय. ह्या तिहींचीं उत्तरें "होय" असतील तर हरलेल्या संघालाही आपण टाळी द्यावी. "नाहीं" असतील तर जिंकलेल्या दिवशींही प्रश्न विचारावा. बँकॉकच्या विजयानंतर तो विचारावयास हवा होता.

घरीं हें सारें सांगितलें तेव्हां आमच्या सौ.नीं भाजी निवडतां निवडतां विचारलें, "लग्नाच्या आमंत्रणाच्या यादींतून तुम्ही मंडळी ज्यांचीं नांवें गाळतां, त्यांच्या घरीं जाऊन कारण सांगतां वाटतं?" ह्या प्रश्नास न्यायशास्त्रांत तोड आहे काय, तें मी पाहत आहें.

अलीकडे दिवस बरे आले आहेत. ग्रॅहम रीड ह्यांना २०१९ पासून सलग काम करावयास मिळालें, आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजीं टोकियोंत, १-३ असे मागें पडूनही, आपण जर्मनीला ५-४ असें हरवून कांस्यपदक मिळविलें. मॉस्कोच्या १९८० नंतर तें एकेचाळीस वर्षांनीं आलेलें पहिलें पदक. २०२३ च्या विश्वचषकांत अपयश आलें आणि रीड ह्यांनीं पद सोडलें. त्यांच्या मागून आलेल्या क्रेग फुल्टन ह्यांच्या हाताखालीं २०२४ सालीं पॅरिसला पुन्हां कांस्यपदक आलें. त्यांतला ब्रिटनशीं झालेला सामना मीं दोनदां पाहिला. अमित रोहिदास लाल पत्र दाखवून बाहेर काढला गेल्यावर आपण चाळीसहून अधिक मिनिटें दहाच गड्यांनिशीं खेळलों, सामना १-१ असा राखला आणि अखेर शूटआउटमध्यें जिंकलों. दहांतला प्रत्येक जण अकराव्याची जागा भरून काढीत होता. असा खेळ चार आठवड्यांत शिकवितां येत नाहीं. तरीही मी तरुण अभियंत्यास बजावतों कीं, दोन पदकांवरून सारा कारभार सुधारला असें अनुमान काढूं नकोस. काकतालीय न्याय आपल्या विजयालाही लागू आहे. कारभार सुधारला कीं नाहीं हें, ज्यांना पदक मिळालें नाहीं, ज्यांचीं नांवें यादीच्या बाहेर राहिलीं, त्यांना विचारून कळेल.

आपण वाचक मंडळी कोणत्या ना कोणत्या समितीवर असतांच: शाळेच्या, गणेशोत्सवाच्या, पतपेढीच्या, नाहींतर घरच्या कार्याच्या. तेथेंही यादी होते आणि तेथेंही कोणीतरी वगळला जातो. बहुधा तो कांहीं बोलत नाहीं. फक्त पुढच्या वर्षीं येत नाहीं. पुढच्या वेळीं हॉकीच्या संघाची यादी वर्तमानपत्रांत येईल तेव्हां आंत असलेल्या नांवांवर अवश्य वाद घालावा. पण त्याआधीं, जें नांव तेथें नाहीं त्याला आदल्या संध्याकाळीं कोणी कडेला घेऊन बोललें होतें काय, हें विचारावें. एवढें आपण विचारूं लागलों तर आमच्या टपरीवरचा जल्प वाद होईल, आणि चहाही गरम असतां पिऊन होईल.